बावीस दिवे आणि एक तार

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ध्वनीवरचे प्रकल्प दरवर्षी असतातच. बाटल्यांचा जलतरंग असतो, काड्यापेट्यांचा टेलिफोन असतो, आणि अलीकडे मोबाइलवर आवाजाचा आलेख काढून दाखवणेही असते. संगीतातल्या सप्तकांवर, म्हणजे स्वर कुठे आणि का लावायचे या प्रश्नावर, प्रकल्प क्वचित येतात. विषय मोठा गोड आहे. गणित आहे, भौतिकी आहे, इतिहास आहे, आणि साहित्य घरात किंवा देवळात मिळते. असे असूनही या विषयावरचे बहुतेक प्रकल्प मुलांना फारसे काही शिकवत नाहीत. असे का होते, ते महाड-पोलादपूर भागात पाहिलेल्या चार प्रकल्पांच्या आधारे मांडतो. परीक्षक म्हणून त्यांतल्या दोघांना गुण देताना माझी चूक झाली. तीही सांगणे भाग आहे.

पहिला : बाटल्यांचा जलतरंग

आठ बाटल्या, त्यांत कमी-जास्त रंगीत पाणी, आणि चमच्याने वाजवलेला सारेगम. तक्त्यावर वाक्य होते, "पाणी जास्त भरल्यास हवेचा स्तंभ लहान होतो व स्वर चढतो." मी मुलीला म्हटले, वाजवून दाखव. तिने वाजवले. जास्त पाण्याच्या बाटलीचा स्वर खाली आला. ती गोंधळली, पण तक्त्याकडे पाहून म्हणाली, "सर, चढलाच आहे."

चूक तिची नव्हती. प्रकल्पांच्या कित्येक पुस्तिकांत दोन वेगळे प्रयोग एकात मिसळलेले असतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की आतली हवा कंप पावते. तिथे पाणी वाढले की हवेचा स्तंभ लहान होतो आणि स्वर चढतो. चमच्याने टिचकी मारली की काच कंप पावते. पाण्यामुळे तिला जास्त वस्तुमान हलवावे लागते, म्हणून तिथे पाणी वाढले की स्वर उतरतो. त्याच बाटलीवर दोन्ही प्रयोग करून उलटसुलट निकाल दाखवला असता तर तो फार सुरेख प्रकल्प झाला असता. तसे झाले नाही, कारण तक्ता आधी तयार झाला होता. मुलीने आपल्या कानापेक्षा तक्त्यावर जास्त विश्वास ठेवला. पुढच्या सगळ्या विवेचनाचा मुद्दा हाच आहे.

दुसरा : ४३२ हर्ट्झ आणि मुगाची रोपे

हा प्रकल्प अलीकडचा. "४३२ हर्ट्झचे संगीत निसर्गाशी जुळलेले, ४४० हर्ट्झचे हानिकारक" असा दावा मोबाइलवर खूप फिरतो. मुलांनी दोन कुंड्यांत मूग पेरले, एका कुंडीला एक संगीत ऐकवले आणि दुसरीला दुसरे. ४३२ वाली रोपे उंच झाली.

प्रत्येक प्रकारची एकच कुंडी होती. संगीत न ऐकवलेली कुंडी नव्हती. एक कुंडी खिडकीत होती आणि दुसरी कपाटाजवळ. एवढे पुरे होते, पण अधिक मूलभूत चूक निराळीच आहे. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाची कंपने, आणि सेकंद हे माणसाने ठरवलेले माप आहे. दिवसाचे ८६,४०० भाग न करता एक लाख भाग केले असते तर तोच आवाज ४३२ राहिला नसता. मग त्या आकड्यात निसर्गाचे गुपित कोठून येणार? ४४० हा आकडाही असाच सोयीचा आहे. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवला होता. १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ४४० वर एकमत झाले. वेगवेगळ्या गावांतल्या वाद्यवृंदांना एकत्र वाजवता यावे, एवढाच त्याचा हेतू.

आपल्याकडच्या मुलाला तर हा दावा खोडून काढायला भजनी मंडळात एक रात्र बसणे पुरे. एक बुवा काळी चारला गातात, त्यांच्यानंतरचे पांढरी दोनला. आपला 'सा' कोणत्याही आकड्याला बांधलेला नाही. गळ्याला सोसेल तो सा, आणि बाकीचे स्वर त्या सा-च्या नात्याने. स्वर म्हणजे आकडा नसून दोन आकड्यांचे गुणोत्तर आहे, ही ध्वनिशास्त्रातली मोठी गोष्ट आपल्या मुलांना न शिकवता ठाऊक असते. प्रकल्पाने ती वर आणायची की मोबाइलवरच्या दाव्याखाली गाडायची, हे मार्गदर्शक शिक्षकावर अवलंबून आहे.

तिसरा : बावीस श्रुतींचा फलक

आता पहिल्या क्रमांकाचा प्रकल्प. मोठा फलक, त्यावर बावीस दिवे, प्रत्येक दिव्याखाली एक बटण. बटण दाबले की दिवा लागे आणि त्या श्रुतीचा स्वर वाजे. शेजारी छापील तक्ता होता. श्रुतीचे नाव, गुणोत्तर, कंपनसंख्या. सा २४०, आठव्या दिव्याचा गंधार ५/४ म्हणजे ३००, नववा ८१/६४ म्हणजे ३०३.७५, असे सर्व व्यवस्थित. वर शीर्षक होते, "प्राचीन भारताचे ध्वनिविज्ञान." मांडणी देखणी होती आणि मुले पाठ केलेले घडाघडा सांगत होती. आम्ही तिघा परीक्षकांनी एकमताने पहिला क्रमांक दिला.

मी एक प्रश्न विचारला होता, "बावीसच का?" उत्तर आले, "भरतमुनींनी सांगितल्या आहेत." मी मान डोलावून पुढे गेलो. तिथे थांबायला हवे होते.

भरताने नाट्यशास्त्रात आकडा सांगितला आहे हे खरे. षड्जग्रामात सा-च्या चार, रे-च्या तीन, ग-च्या दोन, म-च्या चार, प-च्या चार, ध-च्या तीन आणि नी-च्या दोन, अशा एकूण बावीस. पण त्याने आकडा सांगून विषय सोडलेला नाही, प्रयोगही सांगितला आहे. दोन वीणा घ्या, दोन्ही अगदी सारख्या लावा. एक तशीच ठेवा, ती ध्रुववीणा. दुसरी टप्प्याटप्प्याने उतरवा, ती चलवीणा. दुसऱ्या टप्प्याला चलवीणेचे ग आणि नी हे ध्रुववीणेच्या रे आणि ध यांच्याशी जुळतात. तिसऱ्याला चलवीणेचे रे आणि ध ध्रुववीणेच्या सा आणि प यांच्याशी जुळतात. चौथ्याला चलवीणेचे सा, म, प हे ध्रुववीणेच्या नी, ग, म यांच्याशी. प्रत्येक वेळी किती श्रुती उतरलो याची बेरीज केली की बावीस येतात.

शिक्षकाच्या नजरेने हे वाचा. एक वस्तू न बदलता बाजूला ठेवायची आणि दुसरीत बदल करून तिच्याशी ताडून पाहायचे, हे आपण आठवीच्या मुलांना तुलनेच्या प्रयोगात शिकवतो. त्यातली कच्ची जागाही मुलांना सापडू शकते. पहिला टप्पा किती उतरवायचा, हे ठरवायला दुसऱ्या वीणेवरचा कोणताही स्वर जुळत नाही. तिथे कानावरच भिस्त. म्हणजे 'प्राचीन भारताचे ध्वनिविज्ञान' या शीर्षकाखाली ठेवण्यासारखी जी गोष्ट होती, तो प्रयोग, फलकावर नव्हता. तिथे फक्त त्याचे उत्तर होते.

उत्तरही वादातीत नाही. महाराष्ट्रातच या प्रश्नावर मोठा वाद झाला आहे आणि तो मुलांना सांगण्यासारखा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. श्रुतींची नुसती चर्चा करण्यापेक्षा त्या मोजाव्यात असे त्यांनी ठरवले. गाण्यासाठी त्यांना अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य मिळाले. बावीस श्रुतींची गुणोत्तरे मांडणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली पुण्यात छापले गेले. अर्नेस्ट क्लेमंट्स हे आय.सी.एस. अधिकारी त्यांना येऊन मिळाले आणि या श्रुती वाजवणारी खास पेटीही तयार झाली. १९१६ मध्ये बडोद्याला संगीत परिषद भरली, तेव्हा ही पेटी मांडली गेली आणि तिच्यावरून वाद झाला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना हे श्रुतिगणित मान्य नव्हते. प्रचलित रागसंगीत बारा स्वरांच्या आधारे नीट सांगता येते, असा त्यांचा पक्ष होता.

देवलांचे मोठेपण त्यांच्या तक्त्यात नाही. पोथीतला वाद त्यांनी गवयाच्या गळ्यापाशी आणि तारेपाशी आणला, यात आहे. त्यांच्या विचारातली उणीवही तिथेच दिसते. गवयाचा स्वर प्रत्येक वेळी ठरलेल्या जागीच बसतो, असे धरून चालले तरच बावीस पक्क्या जागांचा तक्ता करता येतो. ते धरून चालावे का? १९६३ साली नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी उत्तर हिंदुस्थानी कलावंतांच्या वादन-गायनातले स्वर यंत्राने मोजले. तोच कलावंत, तोच राग, तोच स्वर असूनही माप हलते असे त्यांना आढळले. बावीस पक्क्या घरांचे चित्र त्या मोजमापातून निघाले नाही. १९८२ मध्ये मार्क लेव्ही यांनी केलेल्या अभ्यासाचा रोखही साधारण तोच आहे. तेव्हा बावीस हा आकडा प्रकल्पाची सुरुवात होऊ शकतो. त्याला शेवट मानणे बरोबर नाही.

फलकात आणखी एक दोष होता, आणि तो निव्वळ मोजमापाचा होता. स्वर काढण्यासाठी मुलांनी ५५५ क्रमांकाची चिप आणि बाजारातले साधे रोधक वापरले होते. त्या रोधकांवर सोनेरी पट्टा असतो. त्याचा अर्थ, छापलेली किंमत पाच टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकते. आता आठवा आणि नववा दिवा पाहा. ३०० आणि ३०३.७५, म्हणजे फरक सव्वा टक्का. पाच टक्के हुकू शकणाऱ्या साधनाने सव्वा टक्क्याचा फरक दाखवायचा, म्हणजे इंचाच्या खुणा पुसलेल्या पट्टीने सूत मोजण्यासारखे झाले. तक्त्यावर दशांश चिन्हानंतर दोन आकडे होते. फलकातून बाहेर पडणारे स्वर काय होते, हे कोणी मोजले नव्हते. मुलांनी नाही, शिक्षकांनी नाही, आणि परीक्षकांनीही नाही.

ते एका मुलाने ऐकले.

चौथा : एक तार

तो मुलगा सातवीतला. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीतून एस.टी.ने महाडला आला होता. प्रकल्प म्हणजे एक फळी, तिच्यावर ताणलेली एक पोलादी तार आणि सरकवायला लाकडाची छोटी घोडी. २०२१ च्या जुलैमध्ये सावित्रीच्या पुराने महाड पाण्याखाली गेले, तेव्हा आमच्या शाळेचा सोनोमीटर त्यात गेला, म्हणून मला हे साधन पाहून कौतुक वाटले होते. पण फळीच्या मागे फ्लेक्स नव्हता, दिवे नव्हते. एक वही होती.

त्याच्या घरी भजन. आजोबा दिंडीत वीणा घेतात. मुलाचा प्रश्न साधा होता. "पेटी वाजते तेव्हा आजोबा म्हणतात, गंधार टोचतो. किती टोचतो?" माझ्या मते त्या दिवशी सभागृहात खरा वैज्ञानिक प्रश्न एवढा एकच होता.

त्याने ९० सेंटिमीटर तार पेटीच्या सा-शी जुळवली. मग घोडी सरकवत पेटीचा एकेक स्वर तारेवर शोधला आणि लांबी लिहिली. नंतर आजोबांना वीणेवर सा धरून गंधार गायला लावले आणि तोही शोधला, वेगवेगळ्या दिवशी पाच वेळा. वहीच्या त्या पानाचा फोटो माझ्याजवळ आहे. पेटीचा गंधार ७१.७. आजोबांचा ७२.०, ७२.३, ७२.९, ७२.१, ७२.६.

मी विचारले, "यांतलं बरोबर कोणतं?"

तो म्हणाला, "सगळेच, सर. आजोबा तेच गातात."

मी गुणपत्रिकेत 'निष्कर्ष' या रकान्यात शून्य लिहिले. 'मांडणी' मध्येही जवळपास तेवढेच.

प्रदर्शन आवरताना तो दिव्यांच्या फलकापाशी उभा होता. बटणे दाबून पाहत होता. मला पाहून हळूच म्हणाला, "सर, हा नववा आठव्याच्या खाली वाजतोय." मी म्हटले, "आता परीक्षण झालं बाळा." घरी जाण्याआधी मात्र मन राहवेना, म्हणून मोबाइलवर मोजून पाहिले. नववा दिवा खरोखरच आठव्याच्या खाली होता. निकाल जाहीर झालेला होता. मी काही बोललो नाही.

त्या वहीत काय होते?

आता गुण देता येत नाहीत, पण परीक्षण तरी नीट करू.

सा २४० धरू. खर्जाची तार १२० ला लागते. तारेतून तिच्या कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे उपस्वरही निघतात. पाचपट म्हणजे ६००, हा तारसप्तकातला गंधार झाला. जवारी चांगली असलेल्या तंबोऱ्यात तो कोणी न छेडता ऐकू येतो, म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. मध्यसप्तकात आणला की ३००, म्हणजे सा-च्या ५/४.

पेटीचा हिशेब वेगळा. तिथे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या १.०५९४६ पट, म्हणजे बारा पायऱ्यांत बरोबर दुप्पट. या हिशेबाने गंधार येतो ३०२.४. सा-चा पाचवा उपस्वर १२०० आणि पेटीच्या गंधाराचा चौथा १२०९.५. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला साडेनऊ वेळा आवाज लहानमोठा होतो, ज्याला पुस्तकात विस्पंद म्हणतात. आजोबांना 'टोचतो' ते हेच असावे. पंचमात मात्र पेटी ३५९.६ देते आणि शुद्ध पंचम ३६०. तिथे विस्पंद सेकंदाला एकही पुरा होत नाही, म्हणून पंचमाबद्दल कोणी तक्रार करत नाही.

९० सेंटिमीटरच्या तारेवर ५/४ चा गंधार यायला हवा ७२ वर आणि पेटीचा ७१.४ वर. फरक सुमारे सहा मिलिमीटर. शाळेच्या पट्टीने मोजता येणारा. मुलाची सगळी मापे किंचित लांब आहेत. कारण उघड आहे. घोडी खाली सरकवली की तार थोडी वर उचलली जाते, ताण वाढतो, स्वर चढतो, आणि तो जुळवायला लांबी जरा जास्त लागते. याची खूण वहीतच आहे. वरचा सा ४५ वर यायला हवा होता, तो त्याला ४५.२ वर मिळाला होता. त्या प्रमाणात सगळी मापे कमी केली तर पेटीचा गंधार ७१.४ वर येतो आणि आजोबांच्या पाच मापांची सरासरी ७२ च्या जवळ.

एका माणसाच्या पाच मापांवरून काही सिद्ध होत नाही. पण दोन गोष्टी दिसतात. पेटी आणि आजोबा यांची मापे एकाच तारेवरची असल्यामुळे चूक दोन्हींत एकाच बाजूची आहे, म्हणून त्यांच्यातला फरक टिकून राहतो. आणि आजोबांचा गंधार एका बिंदूवर नाही, एका पट्ट्यात आहे. त्या पट्ट्याची रुंदी नऊ मिलिमीटर. तीत आजोबांच्या गळ्याचा वाटा किती आणि नातवाच्या कानाचा किती, हा पुढचा प्रश्न. जयराजभॉय आणि स्टोन यांनी जे यंत्राने पाहिले त्याची चुणूक पोलादपूर तालुक्यातल्या एका पडवीत दिसली होती. "सगळेच बरोबर" हा त्याचा निष्कर्ष होता, आणि तो चांगला निष्कर्ष होता. मी तो ओळखला नाही.

पेटीच्या बाजूनेही

मुलाने एक प्रश्न मात्र विचारला नव्हता, आणि तो विचारायला लावणे हे शिक्षकाचे काम. पेटीचा गंधार टोचतो तर पेटी तशी लावतात तरी का? १९४० मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती सैल व्हायला तीन दशके गेली. तरी भजनातून पेटी गेली नाही. असे का?

उत्तर साध्या अपूर्णांकांत मिळते. पांढरी एक २४० धरून पेटी शुद्ध गुणोत्तरांत लावली, तर पांढरी दोन (रे, ९/८) होईल २७० आणि पांढरी सहा (ध, ५/३) होईल ४००. आता दुसऱ्या बुवांनी पांढरी दोनचा सा घेतला. त्यांचा पंचम हवा २७० च्या दीडपट, म्हणजे ४०५. पेटीत आहे ४००. हा पंचम कोणालाही सहन होणार नाही. म्हणजे पेटी एका बुवांसाठी सुरेल केली की दुसऱ्यांसाठी बेसूर होते. बारा सारखे भाग केले की सगळ्यांनाच थोडे थोडे टोचते, पण कोणालाही गाता येते. ही तडजोड आहे आणि ती विचारपूर्वक केलेली आहे. 'आपले शुद्ध, पेटीचे अशुद्ध' असे तक्त्यावर लिहिणारा प्रकल्प तितकाच उथळ, जितका बावीस दिव्यांचा. आणि प्रत्यक्षातली पेटी पुस्तकातल्या आकड्यांवर असेलच असे नाही. सूर कानसून लावलेले असतात, पावसाळ्यात बिघडतात. आपली पेटी आपणच मोजायची.

आपण काय करू शकतो?

सप्तकांवरचा प्रकल्प निवडताना किंवा तपासताना मी आता पुढील गोष्टी पाहतो.

१. प्रश्न मुलाचा आहे का? "पेटीचा गंधार किती टोचतो", "आमच्या देवळातली वीणा आणि पेटी यांचा कोणता स्वर जुळत नाही", "पंचमावरून पंचम असे बारा वेळा चढत गेलो तर परत सा-वर येतो का" (येत नाही, सव्वा टक्क्याहून थोडे जास्त पुढे जातो), हे प्रश्न झाले. "बावीस श्रुती" हे नुसते शीर्षक झाले.

२. साधनाची चूक दाखवायच्या फरकापेक्षा लहान आहे का? फलकच करायचा असेल तर प्रत्येक बटणाला फिरवता येणारा रोधक लावून स्वर तंबोऱ्याशी जुळवावा आणि मग मोजावा.

३. एकच माप आहे की अनेक? मापे वेगवेगळी आली तर ती खोडली आहेत की ठेवली आहेत? खाडाखोड नसलेल्या वहीचा मला आता संशय येतो.

४. मोबाइलचे उपयोजन वापरले असेल तर तेही तपासले आहे का? २५६ चा नादकाटा त्याच्यापुढे धरून पाहिला का?

५. गावातल्या जाणत्या माणसाला विचारले का? भजनी बुवा, पेटी दुरुस्त करणारे, पखवाजाला शाई भरणारे, या मंडळींना स्वराबद्दल जे कळते ते आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. सी. व्ही. रामन यांनी तंबोरा, वीणा आणि मृदंगावर जे काम १९२० च्या सुमारास केले, ते वाद्य करणाऱ्यांच्या हातातल्या ज्ञानाचे भौतिकी शोधण्याचेच काम होते. तबला-मृदंगाच्या शाईमुळे चामड्यातून तारेसारखे सुरेल उपस्वर निघतात, हे त्यांनी दाखवले.

६. आणि परीक्षकांसाठी. गुणपत्रिकेत मांडणीला जेवढे गुण आहेत, तेवढे वहीला असावेत. प्रत्येक प्रकल्पापाशी आपण चार मिनिटे थांबतो. त्यांतली दोन वही वाचण्यात घालवावीत.

हा शेवटचा मुद्दा मी आग्रहाने मांडतो, त्याचे कारण पुढच्या वर्षी मिळाले. त्या मुलाच्या शाळेतून पुन्हा प्रकल्प आला. विषय सूर्यमाला होता. मोठा फलक होता, फ्लेक्स होता, बटण दाबले की ग्रहांचे दिवे लागत होते. मांडणी उत्तम होती. मी तार घेऊन आलेल्या मुलाची चौकशी केली. सोबतच्या सर म्हणाले, "गेल्या वर्षी आमचं मांडणीत कमी पडलं, म्हणून या वेळी जरा लक्ष दिलं."

शाळेने माझ्या गुणपत्रिकेतून जे शिकायचे ते बरोबर शिकले होते. चूक गुणपत्रिकेत होती. परीक्षक जे मोजतो तेच पुढच्या वर्षी सभागृहात येते.

आपल्यापैकी कोणाच्या शाळेत फळी, तार आणि एक पेटी असेल, तर एवढे करून पाहा. ९० सेंटिमीटर तार पेटीच्या सा-शी लावा. आधी वरचा सा किती लांबीवर जुळतो ते लिहा, म्हणजे घोडीची चूक कळेल. मग पेटीचा गंधार आणि गावातल्या एखाद्या जाणत्या गळ्याचा गंधार, प्रत्येकी पाच वेळा. दहाही मापे लिहून मासिकाकडे पाठवा. कोणतेही माप गाळू नका.